जोतीरामच्या एटीव्हीचं नाक

शिरवळजवळ हायवे सोडून आत वळलं की एक उघडाबोडका माळ लागतो. वाईच्या सुमंतरावांनी तिथं टायर पुरून, दोऱ्या बांधून ‘ॲडव्हेंचर पार्क’ काढलं आहे. पुण्यामुंबईची माणसं मुद्दाम तिथं धूळ खायला येतात. त्यांना फिरवणाऱ्या गाड्यांत एक एटीव्ही जोतीरामची स्वतःची आहे. चार जाड चाकं, मोटरसायकलीसारखं हँडल आणि मालकासारखाच आवाज.

जोतीराम माणदेशातल्या धनगराचा. वाटणीला आलेली मेंढरं विकून त्यानं ही गाडी घेतली आणि त्या दिवसापासून तो स्वतःला इंजिनियर समजतो. तसं त्याला कुणी म्हटलेलं नाही. पण जोतीराम कुणी म्हणायची वाट बघत नाही.

गाडीला एकच खोड होती. माळावरचा मुरूम उडायचा, इंजिनात हवा जाते त्या तोंडातून आत शिरून फिल्टरवर बसायचा आणि दुपारपर्यंत गाडी धापा टाकत चढावर बंद पडायची. गेल्या रविवारी ती बंद पडली तेव्हा वर एक नवं जोडपं होतं. नवरा ढकलत होता, बायको व्हिडिओ काढत होती. तो व्हिडिओ फिरत फिरत सुमंतरावांच्या मोबाइलवर पोचला.

“जोतीराम, येत्या रविवारी ही परत थांबली तर आपल्या मैदानात नको. मला आधी खात्री करून दे,” सुमंतराव म्हणाले. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटते.

मैदान सुटलं म्हणजे पुन्हा मेंढरांमागं चालणं आलं. त्यासाठी धुळानाना टपलेलेच होते. नाना म्हणजे जोतीरामचा चुलता. त्यांची मेंढरं त्या आठवड्यात माळाशेजारच्या कापणी झालेल्या रानात बसली होती आणि त्यांना हाताखाली एक माणूस कमी होता.

“काठी तासून ठेवलीया रं जोत्या,” नाना रोज येऊन सांगायचे. “तुज्या गाडीपेक्षा आपला बोकड बरा. चढावर थांबत तर न्हाई.”

जोतीरामनं हवेच्या तोंडावर बसवायचं एक नवं झाकण मागवलं. कंपनीचं नव्हे, बाहेरचं. काळं, बारीक जाळीचं, हवा वरून घेणारं. शनिवारी सकाळी त्यानं सीट उचललं, क्लिपा सोडल्या, जुनं झाकण काढलं. फिल्टरचा डबा ओल्या फडक्यानं पुसला, धुऊन वाळवलेला फिल्टर आत ठेवला, रबराच्या कडेला ग्रीस लावलं आणि नवं झाकण बसवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले. सगळं बरोबर चाललं होतं. तिथंच थांबला असता तर तो जोतीराम कसला?

धनगराला ऊन लागलं की घोंगडी, पाऊस आला की घोंगडी, थंडी वाजली की घोंगडी. मग धुळीला का नको? त्यानं झाकण परत खोललं, घोंगडीचा एक चौकोन कापून जाळीखाली दडपला आणि स्क्रू पुन्हा आवळले.

जागेवर गाडी छान गुरगुरली. चढावर मात्र निम्म्यात तिचा आवाज घोगरा झाला, मग बारीक झाला, मग बंद.

“काय घातलंस तिच्या नाकात?” नानांनी विचारलं.

“घोंगडी. गाळणी म्हणून.”

“आरं गड्या, लोकर पानी आत येऊ देत न्हाई, ती वारा येऊ देईल व्हय? मेंढराच्या तोंडावर घोंगडं बांधून चढाव चढीव बघू.”

तेवढ्यात मैदानाच्या कडेला टाकलेल्या त्यांच्या पालाकडून जोतीरामच्या बायकोचा, मायाचा आवाज आला, “आवं, माज्या म्हायेरच्या घोंगड्याचा कोपरा कुनी खाल्ला?”

“गाडीनं,” जोतीराम म्हणाला.

“मग आज भाकरी तिच्याकडंच मागा!”

चौकोन निघाला. गाडी चढ चढली, उतरली, परत चढली. पण बघायला आलेले सुमंतराव खूश होईनात. आदल्या संध्याकाळी टँकरनं मैदानावर पाणी मारलं होतं. “धूळच नाही. यावरून काय कळणार?” ते म्हणाले.

जोतीरामनं डोकं खाजवलं आणि नानांकडं बघितलं. कळपाच्या मागं चालणारा माणूस किती धूळ खातो, हे त्या दोघांना कुणी सांगायला नको होतं. “नाना, मेंढरं सोडता का कोरड्या माळावर? मी मागनं गाडी घालतो.”

नाना आनंदानं तयार झाले. गाडी गुदमरणार आणि पुतण्या परत मिळणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. त्यांनी मेंढरं अशी पिटाळली की माळ दिसेनासा झाला. त्या ढगात जोतीराम तोंडाला टॉवेल बांधून मागं मागं फिरत राहिला. दर वळणावर नाना ओरडत, “पडली का रं बंद?” आणि ढगातून उत्तर येई, “न्हाई!” पाचव्या-सहाव्या वेळेला नानांच्या विचारण्यातला जोर कमी झाला.

शेवटी स्वतः सुमंतराव गाडीवर बसले. त्यांचं वजन चांगलंच आहे. गाडी त्यांना घेऊन न थांबता चढाच्या माथ्यावर गेली. तिथं जोतीरामनं स्क्रू सोडले. झाकणावर मुरमाचा थर होता. सुमंतरावांनी आत बोट घालून फिल्टरवरून फिरवलं, बाहेर काढलं, चष्मा वर करून बघितलं. स्वच्छ.

“उद्या आण,” ते म्हणाले.

जोतीरामनं अशी आरोळी ठोकली की मेंढरं परत उधळली. नानांनी ती गोळा केली. मग बांधावर बसून त्यांनी मोबाइल काढला आणि आटपाडीकडच्या एका पाव्हण्याला लावला.

“रामराम. तुमचा मेव्हणा मोकळा हाय न्हवं? द्या लावून माज्याकडं मेंढरांमागं. न्हाई, आमचा जोत्या आता यायचा न्हाई. त्येची गाडी चालती. व्हय, मीच चालवून बघितली.”