पस्तीस हजार फुटांवरून मोहघाट

अश्वजित मेश्रामला विमान चालवता येतं, हे वरठीत चार-दोन माणसांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. पोटासाठी तो पोलाद कारखान्यात क्रेन चालवतो. आठ तास छताखालच्या केबिनमध्ये बसून खाली फिरणारी पिवळी हेल्मेटं बघायची, असा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. अशा माणसानं सुट्टीच्या दिवशी तरी जमिनीवर बसावं की नाही? पण हा बाबा रविवारी अंघोळ उरकली की जुन्या कॉम्प्युटरवर विमानाचा सिम्युलेटर लावून बसतो, जॉयस्टिक धरतो आणि नागपूरहून कोलकात्याला निघतो. बायको तृप्ती म्हणते, "जमिनीवर पाय ठेवाले तुमाले कोनी मना केलं का?"

अडचण एवढीच होती, की पस्तीस हजार फुटांवर गेलं की खाली सगळं सारखंच दिसायचं. भंडारा काय नि बिलासपूर काय, एकच हिरवी सतरंजी. खालची जमीन खरीखुरी दिसावी म्हणून खेळाला वरून जोडायचे देखाव्याचे ॲड-ऑन मिळतात, हे त्याला फोनवरच्या विमानवाल्यांच्या ग्रुपमध्ये कळलं आणि सुखाचा जीव दुःखात पडला. एक म्हणाला, डोंगर उंच करणारा घे. अश्वजितला कळेना, भातखाचरांच्या मुलखात उंच काय करायचं? दुसरा म्हणाला, इमारतीवाला घे, एकेक खिडकी दिसते. एवढ्या उंचीवरून खिडकी कोण बघतो? तिसरा म्हणाला, उंचावरून उडायचं तर उपग्रहाच्या फोटोंचाच घे, बाकी सगळं फुकट. त्यातही दोन निघाले, एक नवा आणि एक जुना. कारखान्यातला मनिष त्याचा या खेळातला गुरू. त्यानं आणखी गोंधळ वाढवला. "नवाच घे. जुन्याचे फोटो वीस वर्षांआधीचे हायेत. वरून बरा दिसते, खाली गेला का तो फोटोच गायब. मंग सिम्युलेटरची सोताची, आताची जमीन येते."

त्याच महिन्यात घरात दुसराच घोळ चालला होता, आणि तो जास्त जिवाला लागणारा होता. अश्वजितची आई मंगलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. वरणात दोनदा मीठ पडायला लागलं होतं. तृप्तीला त्या कधी कधी आपल्या नणंदेच्या नावानं हाक मारायच्या. तेवढं म्हाताऱ्या माणसाचं चालतं. पण एका सकाळी खाटेवर तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आमी बोडीवर धुनं न्यायचो."

"कोनती बोडी?" अश्वजितनं विचारलं. बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि त्यांच्या गावाला, मोहघाटला, असं काही त्याच्या आठवणीत नव्हतं. "आपल्या गावाले एकच तलाव होता, आई."

"दोन पानी होते. तलाव न् बोडी."

"एकच होता."

मंगलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "होती," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मोहघाट आता कुठे आहे की जाऊन बघावं? वैनगंगेवरच्या धरणाच्या पाण्याखाली जाऊन त्याला बारा वर्षं झाली. गाव उठलं, निम्मं नव्या गावठाणात गेलं, निम्मं पोट भरेल तिकडे पांगलं. अश्वजितनं लोकांना विचारून बघितलं. नव्या गावठाणातले वासुदेवराव फोनवर ठासून म्हणाले, "एकच तलाव, आमच्या वावराले लागून." नागपूरचा मोठा भाऊ अनुप म्हणाला, "एकच असन. आई भुलली." वस्तीतल्या सुमनबाई आता लाखांदूरला लेकीकडे असतात. त्या म्हणाल्या, "दोन का तीन, काय जाने बापा." तिघांना विचारलं आणि होता तोही भरवसा गेला. तलाठ्याकडे जुना नकाशा मागता आला असता. पण कशाला हवा म्हणून विचारलं तर आईचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते तपासायचंय, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी अनुपनं नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरकडे बुधवारचा नंबर लावला. आईला सांगितलं, डोळे दाखवायचेत. खोटं बोलताना अश्वजितला फार वाईट वाटलं. आईची आठवण गेली तर मोहघाटचं जे काही आपल्याकडे उरलंय तेही जाईल, ही भीती त्याला झोपू देईना, आणि ती कोणाला सांगवेना.

ॲड-ऑनचा घोळ मात्र चालूच होता. त्यानं आधी नवा कॉम्प्युटरवर टाकला. वैनगंगा दिसली, पवनीकडचा पूल दिसला, आणि मोहघाटच्या जागी ताटासारखं निळं पाणी. बघून झालं, बंद केलं. कॉम्प्युटरमध्ये दोन्ही मावत नव्हते, म्हणून जुन्याचा विचार त्यानं कधीच सोडून दिला होता. शनिवारी क्रेनच्या केबिनमध्ये डबा खाताना एकदम त्याच्या हातातला घास थांबला. वीस वर्षांआधीचे फोटो! वीस वर्षांआधी धरणात पाणी कुठे होतं?

रविवारी त्यानं नवा काढला, जुना टाकला. ग्रुपवर कळल्याबरोबर मनिषचा फोन आला, "येडा झाला का बे? चांगला सोडून भंगार टाकून राहिला." अश्वजितनं फोन ठेवला. काय सांगणार? आपण आईच्या बाजूनं शोधतोय की आईच्या विरुद्ध, हेच त्याला नीट कळत नव्हतं.

विमान उमरेडवरून वळवून त्यानं नदी धरली. फोटो धूसर होते, रंग विटलेले. तरी पहिल्यांदा नदीचं वळण ओळखू आलं, मग वाळूचा पट्टा, मग तलाव. त्याच्या कडेला करड्या ठिपक्यांचं गाव. त्याचं मोहघाट. तलाव एकच होता. उत्तरेला, वासुदेवरावांच्या वावराला लागून, आठवत होता तसाच. म्हणजे आईचं खरोखरच बिनसलं होतं. त्यानं हाक मारली ती नुसतं गाव दाखवायला, बोडीचं नावही काढायचं नाही असं ठरवून.

मंगलाबाई चष्मा पुसत आल्या, खुर्चीवर टेकल्या. पुढे वाकून स्क्रीन बघू लागल्या. अश्वजितनं बोट ठेवलं, "हा तलाव, आई."

"तलाव समजला. तू वरतेच काहून पाहून राहिला? आपली वस्ती खाल्तं हाये."

त्यांचं बोट तलावावरून गाव ओलांडून दक्षिणेला आलं. पाच-पंचवीस ठिपके, आणि त्यांच्या मागे एक गोल गवताळ खळगा, मध्ये नखाएवढं पाणी. इतका वेळ अश्वजितला तो फोटोवरचा डाग वाटला होता.

"हे बोडी," मंगलाबाई म्हणाल्या. "तू रांगत होता तवा वस्तीत बोरिंग झाली. मंग कोनी गाळ काढला नाही, बुजत गेली."

"पन वासुदेवराव म्हनतेत एकच..."

"त्याईले एकच असन. मी लगन होऊन आली तवा तलावावर आपल्याले घागर भरू देत नोयते. तलाव गावचा होता. बोडी आपली."

अश्वजितनं आईकडे वळून बघितलं. "कधी सांगितलं नाही तू."

"कायले सांगू? तुमी शिकून राहिले होते."

शाळेच्या वाटेवर, सायकल शिकताना, तो त्या खळग्याच्या काठानं किती वेळा गेला असेल, आणि त्याला तो आठवतही नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. घर कोणतं ते तरी बघू, म्हणून त्यानं विमान खाली घेतलं. वीस हजार फूट, बारा, आठ. ठिपके मोठे होतील असं वाटलं होतं. एकाएकी स्क्रीन लुकलुकली, फोटो नाहीसा झाला आणि खाली सगळीकडे निळं पाणी आलं. तलाव नाही, बोडी नाही, वस्ती नाही. मनिषनं सांगितलेलं तो साफ विसरला होता.

मंगलाबाईंनी त्याचा दंड धरला. "वर घे. वर घे, बापा."

त्यानं जॉयस्टिक ओढली. विमान चढता चढेना. बऱ्याच वेळानं पाण्यातून करडे ठिपके वर आले, मागे गोल खळगा आला. मंगलाबाईंची पकड सैल झाली, पण हात त्यांनी काढला नाही.

"आता इतल्यावरच राह्य," त्या म्हणाल्या. "आन् बुधवारचा तो डोळ्याचा नंबर तुह्या नावानं करून घे. एवढी मोठी बोडी तुलेच दिसली नाही."