शोभनाताईंनी परत जोडायला लावलेला तुकडा

शोभनाताईंची आणि माझी पहिली भेट ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्यांच्या स्टुडिओत झाली, आणि ती काही फार गोड नव्हती. मी कळव्याहून नोकरी मागायला आले होते. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग येतं, असं ऐटीत सांगून बसले. ताईंनी एक काम दिलं, पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलीचे मामा मानपानावरून रुसलेत, ते कशाला ठेवलंस? अगं, लग्नाच्या व्हिडिओत भांडण ठेवायचं नसतं." दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. त्याला वीस वर्षं झाली. तो नियम मी इमानाने पाळला, आणि एकदा नको तिथे पाळला.

स्टुडिओतल्या कॅलेंडरवर दर महिन्याला आठ-नऊ दिवसांवर फुल्या असत. मुहूर्त कितीही दाट असोत, त्या दिवसांचं काम ताई घेत नसत. आम्हाला वाटे, काही व्रत असेल. एकदा त्याच दिवसांत एवढ्याशा चुकीवरून त्यांनी मला रडवलं. चार दिवसांनी सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा घेऊन त्या आमच्या घरी आल्या आणि माझ्या आईसमोर म्हणाल्या, "चूक माझी होती." कामावरच्या मुलीच्या घरी जाऊन असं म्हणणारी मालकीण मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पन्नाशी जवळ आली तेव्हा एका डॉक्टरांनी ताईंना दोन महिने रोजच्या मनःस्थितीची नोंद ठेवायला लावली आणि आजाराचं नाव सांगितलं: पीएमडीडी. पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस मन इतकं खचतं, इतकं चिडतं, की जगणं नको होतं; पाळी सुरू झाली की थोड्या दिवसांत सगळं निवळतं. हा स्वभाव नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. माहेरच्या कोलशेतच्या हेलात ताई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी स्वतःला वाईट बाई समजत आले गो."

तोवर त्यांची मुलगी मीनल लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती आणि सणासुदीपुरता फोन करत होती. तिच्यासाठी ताईंनी स्वतःवर फिल्म करायला घेतली. जुन्या कॅसेटांत मीनलचा दहावा वाढदिवस सापडला. कॅमेरा स्टँडवर चालूच राहिला होता. केक खाली पडलाय, ताई ओरडतायत, "मी मेले की मग तरी सुखाने राहा," आणि मीनल खाली बसून हाताने केक गोळा करतेय.

मी तो तुकडा कापला. ताईंचा मान राखावा, एवढंच मनात होतं.

"परत जोड," ताई म्हणाल्या.

"लोक काय म्हणतील, ताई?"

"लोकांचं सोड. पोरीला अजून वाटतं तिचंच चुकलं. हेच कापलंस तर तिला दाखवू काय?"

फिल्म आधी मीनलला दाखवायची आणि ती नको म्हणाली तर कुणालाच नाही, हे ताईंनी ठरवलं होतं. आम्ही लॅपटॉप घेऊन डोंबिवलीला गेलो. तो तुकडा आला आणि मीनल उठून स्वयंपाकघरात गेली. ताई पदर मुठीत धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने मीनल बाहेर आली. "परत लाव," म्हणाली. पुन्हा पाहिल्यावर हळूच बोलली, "मला वाटायचं, मी केक पाडला म्हणून तू मरणार होतीस."

"तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा."

"दाखव सगळ्यांना," मीनल म्हणाली. मी तिथे रडले, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

तेव्हापासून ताई ती फिल्म घेऊन कोलशेतच्या महिला मंडळात, कळव्याच्या बुद्धविहारात, सोसायट्यांच्या गच्च्यांवर जातात. नवऱ्यांनाही बसवतात. कळव्याला एक सासूबाई खेळानंतर पुढे आल्या. "माझी सून महिन्यातले आठ दिवस दार लावून बसते. आम्ही तिला नाटकी म्हणतो," म्हणाल्या आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून घेऊन गेल्या.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, निरोगी लाभो, आणि आम्हाला त्यांचा ओरडा खायला मिळत राहो. त्यांच्या साठीच्या समारंभाचं चित्रीकरण माझ्याकडे आहे. केक मीनल स्वतः आणणार आहे. दहाव्या वाढदिवसानंतर तिने केक घरात येऊ दिला नव्हता. मी कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून बाजूला बसेन, आणि जे होईल ते सगळं ठेवेन.