सैल होतं, घट्ट केलं

माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ इतके आवळले, की सकाळी चहाचं आधण ठेवायला मला दोन्ही हात लावावे लागायचे. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं तर सोडाच. जे म्हणून फिरतं ते शेवटपर्यंत फिरवायचं, हा त्यांचा स्वभाव. "सैल होतं, घट्ट केलं," म्हणायचे आणि मी थँक्यू म्हणावं म्हणून जरा थांबायचे. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना यार, बाबा आहेत." हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे आणि अजूनही ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

ओळखीतल्या मराठी घरांतल्या गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज आणि तांदळाच्या पिशव्या असायच्या. आमच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचा प्रेस होता, आणि तो माझा होता. लेक सोळा वर्षांची, क्लबच्या टीममध्ये पिस्तुलाने टार्गेटवर नेम मारायची. तिला हलकी, कमी धक्का देणारी काडतुसं लागायची, म्हणून ती मी घरी भरायचे. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला हे काम बरं जमतं. पण सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा मुलगा घरी काडतुसं तयार करतो." आणि मुलगा नुसता हसायचा. त्याला प्रेसचं हँडल कुठल्या बाजूला आहे हेही सांगता आलं नसतं.

यातलं शेवटचं काम सगळ्यात नाजूक. पितळी पुंगळीत दारू भरून झालेली असते, आणि गोळी नीट बसावी म्हणून पुंगळीचं तोंड किंचित पसरट केलेलं असतं. प्रेसला वरून आट्यांवर फिरवून लावलेला डाय, म्हणजे पोलादी साचा, तोच गोळी आत बसवतो आणि तोच ते तोंड आवळतो. म्हणून डाय सेट करताना घाई चालत नाही. आधी तो वर ठेवून नुसती गोळी हवी तितकी खोल बसवून बघायची. मग डायच्या आतला दांडा वर घ्यायचा, डाय अगदी थोडा थोडा खाली आणत पुंगळीचं तोंड सरळ करायचं, आणि मग दांडा परत गोळीला टेकवायचा. तोंड सरळ झालं की थांबायचं. त्यापुढे आवळलं तर पुंगळी फुगते आणि गोळीवरची पकड उलट सुटते. मग पिस्तुलात काडतूस वर चढताना गोळी आत ढकलली जाते, दाब भलताच वाढतो आणि पिस्तूल हातातच फुटू शकतं. म्हणजे माझ्या लेकीच्या हातात.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी डाय लावला, थोडी काडतुसं करून तपासली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅच होती. ट्रेमध्ये दारू भरलेल्या पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या, नुसत्या गोळ्या बसवायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात नागपूरहून आईचा फोन आला म्हणून मी वर गेले. आईचं बोलणं लवकर संपत नाही. खाली आले तर ट्रे रिकामा, प्रेसवरचा डाय आणखी खाली पिळलेला. सगळी काडतुसं एकाच डब्यात, माझीही त्यातच मिसळलेली, आणि सासरे रुमालाला हात पुसत उभे.

"उरकून टाकलं सगळं," ते म्हणाले. "सैल होतं, घट्ट केलं. तुझ्या हाताला जोर पुरत नसेल."

मी डब्यातलं एक काडतूस उचललं, गोळीचं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं आणि मागून अंगठ्याने दाबलं. मऊ भातात बोट जावं तशी गोळी आत गेली. दुसरं घेतलं, तेच.

"बाबा, ही सगळी खोलावी लागतील," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुलाला म्हणाले, "बघ, तुमच्याकडे मदत करायचीही सोय नाही."

आणि माझा इंजिनियर नवरा मला समजावायला लागला. "अगं, दोन खराब निघाली असतील. चांगल्यासाठीच केलं ना त्यांनी? उद्याचा दिवस भागव. मॅच कशाला कॅन्सल करायची?"

"बरं," मी म्हटलं. "मग उद्या पहिली गोळी तू झाड."

तो दारातच एक पाऊल मागे सरकला. "मी कशाला? मला कुठे येतं?"

एवढ्यात लेक खाली आली. सासऱ्यांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "काय गं, आजोबांनी केलेली काडतुसं चालतील ना तुला?" तिने टेबलावरची ती दोन काडतुसं बघितली. डाय कसा लावतात हे मीच तिला शिकवलं होतं, तिला काही सांगायची गरज नव्हती. तिने आजोबांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "इट्स ओके, आई. आय विल शूट देम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांनी डाय पिळला तेव्हासुद्धा मी इतकी चिडले नव्हते. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून ही पोरगी स्वतःचा हात पुढे करायला निघाली होती. एरवी मला दिवसातून दहा वेळा नाही म्हणते. मग हे कुठून आलं? आम्हीच शिकवलं. काकूंना नमस्कार कर, आवडलं नाही तरी पानातलं संपव, मोठ्यांना उलटून बोलू नकोस. इंग्रजीतून कितीही सांगितलं की यू कॅन से नो, तरी मोठ्यांसमोर तिला लावलेलं वळण मराठीतलंच होतं.

"नाही म्हण," मी म्हटलं. "मला नाही. आजोबांकडे बघून म्हण. मराठीत."

"अगं, काय चाललंय तुझं?" नवरा म्हणाला.

"तू गप्प बस."

तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही.

"नको, आजोबा," ती म्हणाली. "मी ही नाही वापरणार. डेंजरस आहेत."

सासरे वर गेले आणि जेवायलाही आले नाहीत. मॅच बुडाली. शनिवारी सकाळी मी नवऱ्याच्या हातात गोळ्या काढायचा हातोडा दिला. काडतूस त्यात अडकवून जमिनीवर आपटलं की गोळी सुटून येते. तो जेवणाच्या वेळेपर्यंत गॅरेजमध्ये बसून एकेक आपटत होता, आणि तेवढा वेळ तरी मला 'जाऊ दे' म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी एक काका-काकू भेटायला आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येत होते आणि सासरे त्यांना सांगत होते, "सुनेने पोरीला फार सैल सोडलंय हो. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणते."

मी तोंड उघडणारच होते. पण लेक पाण्याचे ग्लास घेऊन माझ्या पुढे होती.

"सैल नाही, आजोबा," ती म्हणाली. "आईने बरोबर सेट केलंय." आणि तिने काकांना पाणी दिलं.