हिरवी तारीख, काळा ठिपका

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी घोलवडला ताईच्या ओटीवर बसून मी मोबाईलवर विमानाची तिकिटं शोधत होते... मुंबई ते चेन्नई, माणसं दोन, ताई आणि भाऊजी.

भाची मेघना चेन्नईला असते, सासरही तिकडचंच. दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी प्रवासाला बंदी घातलेली, म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचा प्रश्नच मिटला. नवरा बोटीवर, सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या, हात प्लास्टरमध्ये... पोरीजवळ आईने लवकरात लवकर पोचायला हवं होतं.

रेल्वेने ताईला जमणार नव्हतं. मणक्याच्या ऑपरेशननंतर ती पालघरला जाऊन आली तरी दोन दिवस आडवी असते, इथे तर चोवीस तासांचा प्रवास. विमानच हवं होतं, पण ऐनवेळचं भाडं बघून भाऊजी बहर गळाल्यासारखा चेहरा करून चिकूच्या वाडीत निघून गेले.

मी हट्टी बाई. पहाटेची विमानं पाहिली, रात्रीची पाहिली, बंगळुरूला उतरून जाणारी पाहिली. आपल्याला सुरत तरी कुठे लांब म्हणून सुरतहूनही पाहिलं... सगळीकडे तेच.

शेवटी महिनाभराचं भाडं एकत्र दाखवणारं पान उघडलं. महाग तारखा लाल, स्वस्त हिरव्या. सगळा आठवडा लालेलाल आणि मधोमध एकच तारीख हिरवीगार... एरवी एकाला पडतं त्याहून कमी भाड्यात दोघं जात होते. तेही थेट विमान, सामानासकट.

मी विजयी आवाजात तारीख सांगितली. ताईने मान वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या चौकोनात काळा ठिपका होता... पौषातली अमावास्या.

"त्या दिवशी नाही निघायचं," एवढं बोलून ती पुन्हा वालपापडी निवडायला लागली.

मला ओळखणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. बोर्डीपासून उधव्यापर्यंत, शुभ-अशुभाच्या विरोधात मी बोलले नाही असं गाव शोधावं लागेल. टाळ्या मिळाल्यात, शिव्याही मिळाल्यात. मी सुरू झाले... चंद्र, सूर्य, सावली, आणि लक्ष्मीपूजन काय पौर्णिमेला करतेस का, इथपर्यंत आले.

"भाषण उधव्याला कर," ताई म्हणाली. "इथे पापडी निवड."

मी आवाज चढवला, तशी तिने टोपली बाजूला सारली. "हे बघ, माझं काही बरंवाईट झालं तर होऊ दे गं. पण उद्या बाळ नुसतं शिंकलं तरी मला हीच तारीख आठवेल. जन्मभर."

कपाटं भरून पुस्तकं वाचली, पण या वाक्यावरचा तोडगा कुठेच वाचल्याचं आठवेना... आणि मोबाईलवर आता 'या भाड्यात दोनच जागा शिल्लक' असं दिसायला लागलेलं.

ताईने विहीणबाईंना फोन लावला, आम्ही पुढच्या आठवड्यात येतो हे कळवायला. त्यांना मराठी येत नाही, हिला तमिळ. दोघींचं नातं आजवर मोडक्या हिंदीवरच चाललंय... फोन स्पीकरवर होता. ताईने चाचरत कारण सांगितलं, उस दिन अमावास्या पडती है ना.

"अमावास्या? वो तो बहुत अच्छा दिन है. हम नया कार भी अमावास्या को लिया."

ताईने फोन छातीशी धरला आणि मला कुजबुजून म्हणाली, "या पौर्णिमेबद्दल बोलतायत गं." मग पुन्हा नीट विचारलं.

"नहीं नहीं, चांद नहीं आता, वो वाला. शुभ है. आ जाओ." मग त्या म्हणाल्या, "मेघना रात को रोती है."

फोन ठेवल्यावर ताई कॅलेंडरकडे बघत राहिली. मी तोंड मिटून बसले... मला ओळखणाऱ्यांनी याचीही नोंद घ्यावी.

"ज्यांच्या घरी जायचं, त्यांचं पंचांग धरायचं," ताई अखेर म्हणाली. "काढ तिकीट."

तिचा विचार फिरायच्या आत मी भराभर नावं भरली, विम्याची आपोआप पडलेली टिक काढली, खिडकीच्या सीटचे जादा पैसे नाकारले. ओटीपी गेला भाऊजींच्या मोबाईलवर, आणि भाऊजी वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला... ताईने ओटीवरून अशी हाक मारली की मणका बरा झाला की काय वाटावं. भाऊजींनी चिकूच्या झाडाखालून एकेक आकडा ओरडून सांगितला, अख्ख्या आळीने ऐकला, आणि तिकिटं निघाली. त्याच भाड्यात.

काहीजण म्हणतील, बाई, तुम्ही हरलात. मुळीच नाही. चंद्र एक, रात्र एक, आणि तीच तिथी घोलवडला अशुभ, चेन्नईत शुभ... म्हणजे दोष दिवसाचा नाही, हेच मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत आले. विहीणबाईंनी ते चार वाक्यांत सिद्ध केलं, तेही स्वतः अमावास्या मानून.

पंचांगाशी माझं भांडण मिटलेलं नाही, मिटणारही नाही. पण घाबरलेल्या माणसाला आधी धीर द्यावा लागतो, तर्क त्याला नंतर ऐकू येतो... हा धडा मला मोडक्या हिंदीत मिळाला. विहीणबाई, मी तुमची ऋणी आहे.

चिकूची पेटी घेऊन दोघं अमावास्येलाच चेन्नईला उतरले. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून थोडी पुढची होती, पण नातीला तेवढा धीर नव्हता... पुढच्या आठवड्याची वाट पाहिली असती, तर ताईने तिचं तोंड आधी मोबाईलवर पाहिलं असतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा मेघनाच्या मुठीत आईचा हात होता.