पालथं माप

आमच्या कडेगावातल्या भंगारवाल्याकडून मी घर सजवायला जुन्या वस्तू आणतो. वस्तू हातात द्यायच्या आधी तो ती खांद्यावरच्या टॉवेलनं पुसतो, बोटानं वाजवून बघतो आणि दर वेळी एकच विचारतो, "सर, वापराय का बघाय?"

मी चोरट्या आवाजात म्हणतो, "बघायला."

"बरं," तो म्हणतो. त्या 'बरं'ला मी जेवढा भितो, तेवढा कधी हेडमास्तरांना भ्यालो नाही.

परवा बैलगाडीचं चाक पोचवायला तो पहिल्यांदाच घरी आला. मी हौसेनं माझी कलादृष्टी दाखवत सुटलो. भिंतीवर काठवट, दाराला घुंगरमाळ, आणि कोपऱ्यात धान्य मापायची जुनी पायली पालथी घालून तिच्यावर दिवा.

तो तिथंच थांबला. दिवा उचलून त्यानं खाली ठेवला आणि पायली सुलटी केली.

"माप पालथं घालू न्हाई, सर. वैनी, मूठभर जुंधळं द्या."

बायको माझ्याकडं बघायला लागली. कुंडल गावच्या आमच्या रानात सगळा ऊस, आणि घरात विकतच्या पिठाचं पाकीट.

गिरणीत न्यायची त्याची पिशवी बाहेर हातगाडीच्या हँडलला अडकवलेली होती. तिच्यातली ओंजळभर ज्वारी आणून त्यानं पायलीत ओतली.

आता पाहुण्यांना मी पिढीजात थाटात सांगतो, "आमच्यात माप रिकामं ठेवत नाहीत."

ज्वारी कुणाच्या घरची, हे अजून कुणी विचारलेलं नाही.