दसऱ्याची फुलदाणी

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, कारण ही फजिती मी मोठ्या अभिमानानं सांगणार आहे.

संस्थानी काळातली, महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. त्या वर्षी दसऱ्याची स्वारी आमच्या मंगळवार पेठेतून जाणार होती. दारोदार झेंडूची तोरणं. पण माझं तेवढ्यावर कुठलं भागायला? एका साहेबाच्या बंगल्यात मी फुलदाणी पाहिली होती, आणि तेव्हापासून ती कला माझी मीच शिकत होतो. कोणतं फूल किती उंच, कोणता पाला कुठं झुकता, रोज पहाटे रचून बघायचो. त्या भरात शेजारच्या बाबालाल कलईवाल्याला सांगून बसलो, "यंदा स्वारी माझ्या दारात थांबणार."

"आन् न्हाय थांबली तर?"

"मिशी उतरवीन."

बाबालालनं ते पेठभर केलं.

दसऱ्याला परसातली शेवंती, झेंडू, मरवा, सब्जा, सगळं पितळी घागरीत रचलं. पण उंची कमी पडत होती. माझ्याकडं मोरीच्या पाण्यावर वाढलेला ऊस होता. त्याच्या शेंड्याचं कोवळं वाढं मधोमध खोचलं, आणि काय सांगू, हिरवं कारंजंच उडालं म्हणा ना.

बायको म्हणाली, "अवो, वाढं म्हशीला घालत्यात."

"तुला आकार कळत नाही," मी म्हणालो.

घागर दारात तिवईवर ठेवली. वाजंत्री जवळ आली तसा मी मुजऱ्याला जो वाकलो, तो वाकलोच. एवढ्यात गलका झाला, "थांबली, थांबली!"

मान वर करायची हिंमत होईना. फुलदाणीवर कुणीतरी खोल श्वास घेत होतं. इतका मोठा वास घेणारा रसिक म्हणजे सरदारच असणार, नाही का? मी वाकूनच माहिती दिली, "सगळं घरचं आहे, सरकार. हा मरवा, हा सब्जा. आवडलं तर घ्या, संकोच करू नका."

संकोच अजिबात झाला नाही. कराकरा आवाज आला. लोक हसत होते. मला वाटलं, आनंदानं. मग मान वर केली.

समोर स्वारीच्या पुढं चालणारा निशाणाचा हत्ती! तोंडात माझी शेवंती, आणि सोंड घागरीत, उरलेलं वाढं शोधत. तो हलेना, म्हणून मागची अख्खी स्वारी खोळंबलेली.

माहूत वरून म्हणाला, "पावणं, आनी हाय का घरात? असंल तर आना की. त्याबिगार ह्यो हलायचा न्हाय."

परसातला सगळा ऊस मीच तोडून आणला.

बाबालाल म्हणाला, "अण्णा, मिशी वाचली बघा. समद्यांनी दारात फुलं लावली, तुम्ही वैरण ठेवलीसा."

म्हणेना का! संध्याकाळी सोनं द्यायला येईल त्याला मी मिशीला पीळ देत सांगत होतो, "पेठेत एवढी दारं, पण स्वारी थांबली ती आपल्याच दारात."

आतून बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी कडबा ठेवा की. मुक्कामच करतील."