ग्राइंडरच्या तीन खाचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

नागावला वाडीत आमचा होमस्टे आहे. चार खोल्या, आणि स्वयंपाकघरात एस्प्रेसोचं मशीन. ते मी हौसेनं आणलं. व्हिडिओ पाहिले, कॉफी तोलायला छोटा काटा घेतला, सेकंद मोजले — आणि कॉफी? एक दिवस आंबट, दुसऱ्या दिवशी कडू जहर. कालच्याच बिया, कालचंच माप, तरी आज चव निराळी. डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

माझ्या थोरल्या भावाची बायको, वहिनी, पाहुण्यांचं जेवण बघते. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझी आदळआपट ती नुसती बघायची. एका सकाळी तिनं मिठाच्या बरणीत बोटं घातली आणि म्हणाली, "भावजी, आज मीठ ओलं हाय. जरा जाड दळा की." दळली, चिडूनच. कप असा उतरला की मी तो उभ्या उभ्या संपवला. दर्यावरची दमट हवा बियांतही शिरते, हे मला कुठल्या व्हिडिओनं सांगितलं होतं?

मग मशीनवर तीच उभी राहू लागली, आणि पाहुणे तिच्याच हातची कॉफी मागू लागले. मशीन माझं, खटपट माझी आणि नाव तिचं! मला ते खुपायचं. खुपायचं कसलं — जळत होतो मी.

अलिबागला कॅफे काढणाऱ्या एक बाई आमच्याकडे राहून गेल्या. कॉफीसाठी त्यांना वहिनीच हवी होती. जाताना म्हणाल्या, रविवारी भागीदाराला घेऊन येते, त्यांना एक कप पाजा, की तुमचं कॅफेतलं काम ठरलंच. वहिनी आठवडाभर हरखलेली. घराबाहेरचं, स्वतःचं असं तिचं ते पहिलंच काम असणार होतं. साडी तिनं तीन दिवस आधीच इस्त्री करून ठेवली.

रविवारी तिनं मीठ चाचपलं, त्या अंदाजानं ग्राइंडरची जाड-बारीक दळायची चकती लावली आणि साडी बदलायला आत गेली. आणि मी — इथवर आलोच आहे, तर आता कशाला अडखळू? — मी ग्राइंडरची चकती तीन खाचा बारीककडे फिरवली. तीनच. त्याला वेळ तो कितीसा लागतो?

पहिला कप थेंब थेंब उतरला, काळा, जळका. तिला वाटलं, आपलाच अंदाज चुकला. घाबरून तिनं दळण फारच जाड केलं, तर दुसरा कप नुसतं पाणी. तिसऱ्या कपाआधी तिनं पुन्हा मीठ चाचपून पाहिलं. भागीदारानं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. बाई म्हणाल्या, कळवते.

मी दाराशीच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर? बोललो ना — म्हणालो, "असू दे वहिनी, मशीनचं काम आहे ते." चकती फिरवली त्याहून मला हे वाक्य जास्त छळतं. ते मी सगळ्यांसमोर, मायेनं म्हटलं होतं.

बाईंनी काही कळवलं नाही. त्याला दोन वर्षं झाली. वहिनीनं मशीनला पुन्हा हात लावलेला नाही.

आज सकाळीही माझी कॉफी बिघडली. तीनदा केली, तीनदा मोरीत ओतली. पाहुणे खोळंबलेले. वैतागून मी हाक मारली, वहिनी, जरा बघ ना. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाय भावजी, माझ्या हाताला त्ये जमत न्हाय. तुम्ही व्हता की त्या दिवशी. पाह्यलंत ना?"

मी म्हणालो, हो, पाहिलं.